ओट्याचा दगड

नीतीचा प्रश्न म्हटला की आपल्यासमोर मोठे विषय उभे राहतात. न्याय-अन्याय, हलाल-हराम, खरे-खोटे, फार तर निकाह-तलाक. स्वयंपाकघरातला ओटा त्यात कधी येत नाही. तो गवंड्याचा विषय समजला जातो, नाहीतर बायकांचा. दगड किती रुपये फूट, रंग कोणता, कडेला गोलाई काढायची की सरळ ठेवायची, एवढे ठरले की विषय मिटला. आम्हाला मात्र वाटते की जुन्या घराच्या स्वयंपाकघरात नवा दगड बसवणे ही आपल्या रोजच्या जगण्यातली एक चांगलीच कसोटी आहे. एखादी वस्तू पैसे मोजून घेतली म्हणजे ती पूर्णपणे आपली झाली काय? की पैसे चुकते केल्यावरही तिच्यावर इतर कोणाचे हक्क शिल्लक राहतात? ओट्याच्या निमित्ताने आम्हाला हाच प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे.

आमच्या कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांमधली जुनी घरे आठवून पाहावीत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या. वर मंगलोरी कौले. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, चूल जमिनीवर, शेजारी पाटा-वरवंटा. आमच्या दाद्या-नान्यांनी सारी उमर बसून स्वयंपाक केला. मग गॅस आला आणि बाई उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून ओटा आला. 1970 नंतर आखाताची वाट खुली झाली, घराघरांत कुवेत-दुबईचे पैसे येऊ लागले आणि ओट्यावर कडप्पा आला. आता त्याच कडप्प्यावर नाहीतर त्याला उखडून ग्रॅनाईट येत आहे. दोन पिढ्यांत बाई जमिनीवरून उठून दगडापाशी आली. हा बदल लहान नाही, आणि तो चांगलाच आहे.

आपण ज्यांना दगडांची नावे समजतो ती बहुतेक गावांची नावे आहेत. कडप्पा म्हणजे आंध्र प्रदेशातले कडपा. तेलुगूत ‘गडप’ म्हणजे उंबरठा, आणि तिरुपतीच्या वाटेवरचा उंबरठा म्हणून या गावाला ते नाव पडले असे सांगतात. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. कोटा राजस्थानातला. ग्रॅनाईट कुठून जालोरहून येतो, कुठून आंध्र-तेलंगणातून, कुठून कर्नाटकातून. म्हणजे दगडाला गाव असते. तो खाणीतून काढणाऱ्याला, कापणाऱ्याला, ट्रकवरून उतरवणाऱ्याला मात्र आपल्या लेखी नाव नसते. घर दाखवताना आपण सांगतो, “हा जालोरचा आहे.” तो कोणी कापला, हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

दगड आणण्यापूर्वीच एक शब्द घरात येतो, इस्राफ. उधळपट्टी. हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो आणि त्याच्या वापरातला एक अन्याय सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दिवाणखान्यात झुंबर लागले तर त्याला कोणी इस्राफ म्हणत नाही. लग्नात बिर्याणीच्या डेगा उरतात, तेव्हा तो घराण्याचा मान ठरतो. पुढच्या दर्शनी भिंतीला महागड्या फरशा लावल्या तर ती हौस. पण घरातली बाई म्हणाली की ओटा बदलू या, पाणी झिरपते, सांध्यांत झुरळे होतात, तर लगेच कोणीतरी काटकसरीचा उपदेश सुरू करतो. जिथे पाहुणा बसतो तिथला खर्च मोठेपणाचा आणि जिथे घरची बाई दिवसाचे पाच-सहा तास उभी राहते तिथला खर्च उधळपट्टीचा, हा हिशेब कोणत्या तराजूत बसतो?

आमच्या मते इस्राफ किमतीवर ठरत नाही. तो वस्तूचे गरजेशी असलेले नाते तुटले की सुरू होतो. फुटलेला, ओल धरणारा, बुटका ओटा बदलणे हा इस्राफ नव्हे, मग दगड महाग का असेना. आणि चांगला मजबूत कडप्पा केवळ शेजारी ग्रॅनाईट आला म्हणून फोडून उकिरड्यावर टाकणे हा इस्राफच, मग तो शेजाऱ्यापेक्षा स्वस्तात का झालेला असेना. जुना कडप्पा जपून काढला तर नव्या ग्रॅनाईटखाली आधाराला चालतो, मांडणीच्या फळीला चालतो, मागच्या दारी कपडे धुवायला चालतो. काही नाही तर उंबरठ्याला चालतो.

आता हक्कांकडे येऊ. आम्ही तीन हक्क धरतो. पहिला, त्या दगडापाशी जी उभी राहणार तिचा. दुसरा, ज्या घरात तो दगड बसणार त्या घराचा. तिसरा, ज्याने तो कापला त्याचा.

पहिला हक्क सर्वांत सोपा, तरी सर्वांत जास्त बुडवला जाणारा. ओट्याची उंची कोण ठरवतो? गवंड्याच्या हातात एक ठरलेले माप असते आणि घरातला कर्ता पुरुष मान डोलावतो. वास्तविक उभ्याने कापायचे, लाटायचे, मळायचे तर दगड कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून साधारण 37-38 इंचांवर येते. म्हणजे तिचा ओटा 32 ते 34 इंचांचा हवा. साडेपाच फुटांच्या बाईला तोच ओटा वाकायला लावील, तिला 36 इंच हवेत. चार इंचांचा फरक कागदावर काहीच नाही. पण रोज तीन वेळच्या स्वयंपाकात, वीस-तीस वर्षे, तो फरक कमरेत आणि खांद्यांत जाऊन बसतो. अम्मीचे गुडघे दुखतात, तिला तांदूळ निवडायला, खोबरे किसायला बसूनच काम करायचे असते. तिच्यासाठी ओट्याचा एक टप्पा खाली घेता येतो, खाली पाय जायला जागा सोडता येते. त्याला फार पैसे लागत नाहीत. लागते ते फक्त विचारणे. गवंडी येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या बायकांना भिंतीपाशी उभे करून कोपराची खूण करावी. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

दगडाची निवडसुद्धा तिच्याच कामावरून व्हावी. आमच्या कोकणी स्वयंपाकात कोकम, चिंच, लिंबू, सिरका यांचा राबता. कडप्पा आणि संगमरवर हे जातीने चुन्याचे दगड. आंबट पडले की त्यांची झिलई जाते आणि पांढरट डाग राहतो. घासणारीच्या हाताचा त्यात काही दोष नसतो. खरा ग्रॅनाईट आंबटाला दाद देत नाही, पण फिकट रंगाचा असेल तर हळद आणि तेल पितो. दुकानातल्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. खाली दगड काळवंडला तर तो शोषणारा आहे, त्याला वरून रसायनाचा लेप द्यावा लागेल. लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा, फसफसला किंवा झिलई गेली तर दगड चुन्याचा. पांढराशुभ्र संगमरवर ओट्याला लावून मग डागांसाठी सुनेला बोल लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत. निवड एकाची आणि ठपका दुसऱ्यावर, ही बेइन्साफी दगडापासूनच सुरू होते.

दुसरा हक्क घराचा. घराला कसला हक्क, असे कोणी म्हणेल. पण जुने घर ही अमानत असते. ज्यांनी बांधले ते कब्रस्तानात आहेत आणि जे पुढे राहणार ते अजून जन्मलेले नाहीत. मधल्या काळात ते आपल्या हाती आहे, इतकेच. जांभ्याची जुनी भिंत कधीच गुण्यात नसते. ओळंबा सोडला तर वर आणि खाली दोन इंचांचा फरक निघतो, कोपरा काटकोनात येत नाही. नवा दगड मात्र यंत्रातून अगदी सरळ कापून येतो. आता वाकावे कोणी? घाईचा गवंडी भिंत फोडतो. छिन्नी-हातोड्याने लांब खाच पाडतो, मातीतले चिरे हलतात, आणि पहिल्या पावसात वरच्या गिलाव्याला तडा जातो. जाणता गवंडी पुठ्ठ्याचा साचा करतो. भिंत जशी आहे तसा पुठ्ठा कापतो आणि त्या पुठ्ठ्याबरहुकूम दगडाची मागची कड कापून घेतो. दगड नवा आहे, तो वाकू शकतो. भिंत म्हातारी आहे, तिला वाकवले तर ती मोडेल. घरात नवे काही आणताना हा कायदा फक्त दगडालाच लागू नाही.

वजनाचाही विचार हवा. दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाईट चौरस फुटाला साधारण 5 किलो भरतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओट्याचा नुसता वरचा दगड 100 किलोंचा. खालचा आधाराचा कडप्पा, उभे पाय आणि मसाला धरून सगळे सहज 300 किलोंच्या पुढे जाते. हा भार भिंतीवर टांगायचा नसतो, पायांवरून जमिनीत उतरवायचा असतो. जुन्या घराची जमीन बहुधा चोपलेल्या मातीची, वर नंतर घातलेली फरशी. पायांखाली ती फरशी उकलून विटांचा नाहीतर काँक्रीटचा पक्का थर द्यावा लागतो. जांभा ओल धरतो, म्हणून दगडाची मागची फट नीट बंद करावी लागते, आणि चुन्याच्या-मातीच्या भिंतीवर सरसकट सिमेंटचा जाड गिलावा थापला तर आतली ओल आतच कोंडते. सिंकसाठी भोक पाडल्यावर पुढे-मागे जी अरुंद पट्टी उरते तिथेच दगड मोडतो. म्हणून सांधा सिंकच्या मधोमध घेऊ नये, आणि दगड नेताना आडवा न धरता कडेवर उभा धरून न्यावा. ही सारी गवंडीकामातली साधी माहिती आहे. ती आम्ही मुद्दाम सांगतो, कारण चांगली नियत असून काम बिघडते ते या माहितीअभावीच. नुसत्या नियतीने भिंत उभी राहत नाही.

तिसरा हक्क मात्र असा आहे की तो वाचकांना जड वाटेल. आम्हालाही वाटतो.

ओटा बसतो त्या दिवशी अंगणात कटर चालतो. हातातले गोल पात्याचे यंत्र दगडाला लागले की पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. तासाभरात जास्वंदीची पाने पांढरी होतात, कारागिराच्या भुवया पांढऱ्या होतात. आपण खिडक्या लावून घेतो, चहा पाठवतो. जी धूळ दिसते ती फारशी घातक नसते, ती नाकात अडकते. घातक ती जी दिसत नाही. ग्रॅनाईटमध्ये गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, मोठा अंश असतो, बहुधा पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्याचे केसाच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून निघत नाहीत. फुप्फुस त्यांच्याभोवती गाठी धरते, हळूहळू कठीण होत जाते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. त्याने क्षयाचा धोका वाढतो आणि अनेकदा त्यालाच क्षय समजून वर्षानुवर्षे औषधे दिली जातात. 1997 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले.

ही दूरची गोष्ट नाही. आपल्यातल्या कितीतरी बुजुर्गांच्या बोटात अकीकची अंगठी असते. तो अकीक बहुधा गुजरातमधल्या खंभातला. खंभातमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासणारे कारागीर घरातच चाकावर दगड धरतात, आणि त्यांच्यातला सिलिकोसिस सर्वज्ञात आहे. शेजारी बसलेल्या, स्वतः दगड न घासणाऱ्या घरच्या माणसांच्या छातीतही तो आढळला आहे. बरकतीसाठी आपण जो दगड घालतो, त्याच्या चकाकीत कोणाचा श्वास गेला आहे, हे आपण कधी पाहिले नाही. आणखी एक उदाहरण. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआ भागातले आदिवासी गुजरातेतल्या गार दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मृत 238 मजुरांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. न्यायालयापर्यंत जे पोहोचले त्यांचा हा आकडा. अंगणात ओटा कापणाऱ्याची तर कोणत्या कारखान्याच्या पटावरही नोंद नसते.

यावर जे सांगितले जाते ते आम्ही नीट ऐकले आहे. पहिले म्हणणे असे की तो स्वतःच्या मर्जीने येतो, आपण त्याची पूर्ण मजुरी देतो, मग आणखी काय? मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्यावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते, आणि ते देणारे लोक आपल्यात बरेच आहेत. पण मजुरी ही मेहनतीची किंमत आहे. आयुष्याच्या वर्षांची नाही. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून चार पैशांसाठी आलेला तरुण जेव्हा ‘चलता है साहब’ म्हणतो, तेव्हा ती त्याची मर्जी असते की त्याची गरज? ज्याच्यापाशी नकार देण्याची ऐपत नाही, त्याच्या होकाराला आपण किती वजन द्यावे?

दुसरे म्हणणे असे की तोच मास्क लावत नाही. हेही खरे. पण तोंडावर बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. चांगला घट्ट मास्क अडवतो, पण उन्हात तो आठ तास सोसवत नाही, आणि दाढीवर तर तो नीट बसतच नाही, कडेने हवा शिरते. आपल्यातल्या कितीतरी कारागिरांना म्हणूनच नुसत्या मास्कवर सोडून चालणार नाही. खरा उपाय पाण्याचा आहे. पात्यावर पाण्याची धार सोडून कापले तर धुळीचा फार मोठा भाग चिखल होऊन खाली बसतो. मग तो पाणी का घेत नाही? कारण त्याला मजुरी फुटावर मिळते. पाण्याने काम सावकाश होते, चिखल काढावा लागतो, आणि हातातल्या विजेच्या यंत्राला पाणी लागले तर शॉकची भीती असते. म्हणजे त्याचा निष्काळजीपणा आपण ठरवलेल्या दरातून जन्मलेला आहे. आपण घाई विकत घेतली. त्या घाईबरोबर धूळ आली.

इथे आपल्या हाती काहीतरी आहे, आणि म्हणूनच जबाबदारीही आहे. माप आणि साचा आधी नीट घेऊन जास्तीत जास्त कापणी वर्कशॉपमध्ये, पाण्याच्या यंत्रावर करून मागावी. अंगणात कापायचेच तर फुटाऐवजी दिवसाचा रोज द्यावा, म्हणजे त्याला घाई उरणार नाही. पाण्याची सोय आपण करावी, विजेच्या जोडणीला शॉकच्या वेळी वीज तोडणारे उपकरण आहे ना ते पाहावे, वाऱ्याची दिशा पाहून जागा द्यावी, मुलांना दूर ठेवावे, आणि संध्याकाळी धूळ झाडूने न उडवता पाण्याने धुवावी. याला एक-दोन दिवस आणि थोडे पैसे जास्त लागतील. कडेची एक महागडी गोलाई कमी केली तर ते पैसे निघतात.

काही जण म्हणतील, मग खाणीतला दगड नकोच, कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ घ्यावा, तो सुंदरही दिसतो. त्यात तर गारेचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर असते. ऑस्ट्रेलियात तो कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये सिलिकोसिस इतका वाढला की 1 जुलै 2024 पासून त्या देशाने अशा दगडाचे उत्पादन, विक्री आणि बसवणे बंद केले. तिथे जे बंद झाले ते आपल्याकडे प्रतिष्ठेची खूण म्हणून विकले जाते. उलट कडप्प्यात गारेचा अंश सहसा कमी असतो. त्यालाही पाणी हवेच, धूळ कोणतीच चांगली नाही. पण ‘जुनाट’ म्हणून हिणवलेला दगड कापणाऱ्याला तुलनेने कमी महाग पडतो, हेही हिशेबात धरावे.

तरीही एक शंका उरते. एका घराने पाणी वापरून काय होणार? खाणीतली धूळ तर तशीच राहणार. होय, राहणार. आमच्या एका ओट्याने जालोरची खाण सुधारणार नाही. त्यासाठी कायदा हवा, तपासणी हवी, दवाखाने हवेत. राजस्थान सरकारने 2019 साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण आणले ते मजुरांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर. पण जे आपल्या हातात नाही त्याच्या आड लपून, जे आपल्या अंगणात आहे ते टाळता येत नाही. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, हे आपण वाज़मध्ये ऐकतो ते दूरच्या माणसांबद्दल नव्हे. पहिला हक्क त्याचा, जो आपल्या समोर बसून खोकतो आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की मुलांना ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावे. उर्दूत कठोर माणसाला ‘संगदिल’ म्हणतात, दगडाच्या काळजाचा. हा शब्द शिकवताना मुलांना दगड दाखवायची गरज पडत नाही, तो त्यांना ठाऊक असतो. काहींच्या वडिलांच्या हातांवर तो असतो. अलीकडे हा शब्द शिकवताना आम्हाला वाटते की या शब्दाने दगडावर अन्याय केला आहे. दगडाला काळीज नसते, म्हणून त्याच्याकडे हिशेबही नाही. ज्यांचे काळीज दगडाचे होते त्यांचे फुप्फुस शाबूत असते, आणि ज्यांचे फुप्फुस दगडाचे होते ते बिचारे काळजाने मऊच असतात. घरी पैसे पाठवत असतात, शेवटपर्यंत.

तेव्हा ओटा जरूर बदलावा. चांगला, मजबूत, घरच्या बाईच्या उंचीचा बसवावा, आणि त्यावर होणाऱ्या खर्चाबद्दल तिला कोणी बोल लावू नये. आमचे म्हणणे इतकेच आहे की दगड ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. इथे कोण उभी राहणार आणि तिला काय हवे? ही भिंत, ही जमीन हे पेलेल का? आणि हा दगड कुठे, कशाने, पाण्यासह की कोरडा कापला जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरातच मिळतात. तिसऱ्याचे उत्तर दुकानदाराकडे मागावे लागेल. सुरुवातीला तो चमकून पाहील, कारण त्याला हे कोणी विचारलेले नसते. दहा घरांनी विचारले की त्याला उत्तर तयार ठेवावे लागेल, आणि त्या उत्तरासाठी कुठेतरी एका यंत्राला पाण्याची नळी जोडावी लागेल.